बेतूलमार्गे काणकोण, सायकलवरून: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

नकाशावर दक्षिण गोव्यातली ही वाट सोपी दिसते. मडगाव, असोळणा, बेतूल, काब द राम, आगोंद, पाळोळे, चावडी आणि तिथून करमल घाटातून परत मडगाव. सगळे मिळून ९० किलोमीटरच्या थोडे वर. कोलवा-बाणावलीच्या सपाट रस्त्यावर दर रविवारी ५०-६० किलोमीटर मारणाऱ्याला वाटते, आणखी तीस वाढले तर काय बिघडले? मलाही तसेच वाटले होते. पहिल्या खेपेला साडेदहा वाजता मी खोल गावाच्या पुढे एका काजूच्या झाडाखाली आडवा पडलो होतो. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते आणि सायकल गटारात होती.

कारण साधे आहे. काणकोणात सह्याद्री समुद्राच्या अगदी जवळ येतो आणि त्याच्या नि पाण्याच्या मध्ये जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ पठारे, पसरलेले आहेत. रस्ता सड्यावर चढतो, ओहोळापर्यंत खाली उतरतो, पुन्हा सड्यावर चढतो. नाव सांगून बढाई मारावी असा एकही चढ इथे नाही, पण ते संपतच नाहीत. एकूण चढाई माझ्या सायकल कॉम्प्युटरवर हजार मीटरच्या वर दिसते, सोबत्याच्या मोबाइलवर आणखी काही वेगळी. त्या आकड्यावरून भांडू नका, पाय काय सांगतात ते ऐका.

१. महिना आणि वार ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बस. ऑक्टोबरात पाऊस ओसरतो, पण उकाडा मारतो. मार्चपासून दहाच्या आत सडे तापतात. पावसाळ्यात हा भाग हिरवागार आणि देखणा असतो हे खरे, पण शेवाळलेल्या वळणांवर बारीक टायरची सायकल घेऊन पहिल्यांदाच जाण्यात शहाणपणा नाही.

रविवार सोडून दुसरा वार मिळाला तर उत्तम. रविवारी आगोंद-पाळोळेच्या रस्त्यावर भाड्याच्या गाड्यांची रांग असते. काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की ती भाड्याची गाडी. चालवणाऱ्याला रस्ता नवा असतो आणि नजर समुद्र शोधत असते. अशा गाडीपासून दोन हात लांब राहा. २० डिसेंबर ते ५ जानेवारी हे दिवस तर मी या वाटेला जातच नाही. पौषात फातर्प्याची जत्रा असते तेव्हा कुंकळ्ळी-बाळ्ळीकडची रहदारी वाढते, तीही तारीख बघून घ्या.

२. आधी तीन सराव

पहिला सराव सपाटीवरचा: मडगाव, कोलवा, वार्का, केळशी, मोबोर आणि परत, कुठेही पाय न टेकता. दुसरा चढाचा: पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर. देवळाकडे जाणारा डांबरी रस्ता इतका उभा आहे की तुमच्या सायकलीचा सगळ्यात हलका गिअर पुरेसा आहे की नाही ते दहा मिनिटांत कळते. तिथे उतरून चालावे लागले तर लाजू नका, पण कुठे उतरावे लागले ते लक्षात ठेवा. तिसरा सराव: बेतूलपर्यंत जाऊन समोरचा एक चढ चढायचा आणि मागे फिरायचे. तो चढून झाल्यावर सलग दोन वाक्ये बोलता येत असतील तर तुम्ही तयार आहात.

तिन्ही सराव महिन्याभरात झाले पाहिजेत. गेल्या वर्षीच्या सरावावर यंदाचे चढ चढता येत नाहीत.

३. सायकल

महागडी सायकल लागत नाही, योग्य गिअर लागतात. रोड बाइकला पुढे ५०/३४ दातांची जोडी असते, ती ठीक आहे. खरा प्रश्न मागच्या कॅसेटचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचा. दुकानातून आलेल्या पुष्कळ सायकलींना मागे सर्वात मोठे चक्र २८ दातांचे असते. ३४ पुढे आणि २८ मागे म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाक सव्वा फेरी फिरते. मागे ३२ किंवा ३४ बसवले तर एका फेरीला जेमतेम एक. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण खोलच्या तिसऱ्या चढावर तो गुडघ्यांना कळतो. बदलण्याआधी तुमचा मागचा डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एवढे मोठे चक्र पेलतो का ते मेकॅनिकला विचारा. काहींची झेप २८ किंवा ३० पर्यंतच असते. हायब्रिड किंवा एमटीबी असेल तर गिअरची काळजी नाही, फक्त वेळ जास्त धरा.

टायर २८ मिलिमीटरचे असावेत, २३ चे नकोत. हवा ठासून भरू नका. साधारण ७० किलोच्या माणसाला ७० ते ८० पीएसआय पुरते. त्यापेक्षा कडक टायर खडीवर उड्या मारतो. आणि एक सापळा: बारीक व्हॉल्व्हच्या, म्हणजे प्रेस्टाच्या ट्यूबला पेट्रोल पंपावरची हवा थेट भरता येत नाही. पितळेचे छोटेसे अडॅप्टर मिळते, ते व्हॉल्व्हलाच लावून ठेवा.

ब्रेक शू आदल्या आठवड्यात तपासा. या वाटेवर चढांइतकेच उतार आहेत आणि प्रत्येक उताराच्या तळाशी एखादे वळण किंवा अरुंद पूल बसलेला असतो.

४. सोबत काय घ्यावे

- दोन जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, हातपंप, मल्टिटूल, चेनची जादा कडी. पंक्चर जोडायचे पॅचही घ्या. काणकोण तालुक्यात पंक्चरवाले आहेत, पण ते स्कूटरवाले. तुमच्या मापाची ट्यूब त्यांच्याकडे नसते.
- पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, चार्ज केलेले. सकाळी लागतात आणि उशीर झाला तर संध्याकाळीही.
- हेल्मेट. त्यावर चर्चा नाही.
- दोन पाण्याच्या बाटल्या, ओआरएसची तीन-चार पाकिटे.
- आधार कार्डाची प्रत, आरोग्य विम्याचे कार्ड, आणि एका चिठ्ठीवर रक्तगट व घरचा नंबर. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा, सीटखालच्या पिशवीत नको. पडल्यावर माणूस एकीकडे असतो, सायकल दुसरीकडे.
- पाचशे रुपये सुट्या नोटांत. खोलच्या आसपास मोबाइलला रेंज नसली की पैसे पाठवायचे ॲप निरुपयोगी होते आणि गाडेवाल्याकडे पाचशेचेही सुटे नसतात.
- वाटेचा नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेला.

अडचण आली तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. शिवाय मडगावात पिकअप टेम्पो असलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला आदल्या रात्री सांगून ठेवा. त्याला आणायला बोलवावे लागेलच असे नाही, पण त्याचा नंबर खिशात असला की डोके थंड राहते.

५. खाण्याचा हिशेब

बहुतेक जण इथेच फसतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

काजूच्या झाडाखाली मी आडवा होतो तेव्हा समोरच्या घरातून एक आजी बाहेर आल्या. मला बघून म्हणाल्या, "आमचो पोदेर लेगीत सायकल चलयता, पूण अशें तोंड करिना." म्हणजे पाववालाही सायकल चालवतो, पण असे तोंड करत नाही. मग आत जाऊन उकड्या तांदळाची पेज घेऊन आल्या, वर मीठ आणि आंब्याच्या लोणच्याची फोड. वीस मिनिटांत मी उभा राहिलो. गोव्यातला शेतकरी दहा-अकराला कामावरून येऊन पेज का पितो, ते मला चाळिशीत कळले. पाणी, पिष्ट आणि मीठ, तिन्ही एका वाडग्यात. सायकलच्या दुकानात हेच वेगवेगळ्या चकचकीत पाकिटांत मिळते.

त्या दिवशी मी चूक कुठे केली? सकाळी चहा आणि दोन बिस्किटे खाऊन निघालो, बेतूलला थांबलो नाही, पाणी भरपूर प्यायलो पण नुसते. घामातून मीठ जात होते आणि मी वरून साधे पाणी ओतत होतो.

आता असे करतो. निघण्यापूर्वी तासभर आधी नाचणीची आंबील किंवा दोन केळी आणि पाव. सायकलवर बसल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासातच पहिला घास. त्यानंतर दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी: अर्धी पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) गूळ-तूप लावून, केळे, शेंगदाण्याची चिकी, खजूर. तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट पोटात जावे असा हिशेब असतो. एका मध्यम केळ्यातून २०-२५ ग्रॅम मिळते, म्हणजे तासाला एक केळे आणि चिकीचा एक तुकडा धरा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, थोडे थोडे. एका बाटलीत साधे पाणी, दुसरीत ओआरएस. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत आख्खे ओतू नका, अर्धेच घाला. नाहीतर पोट बिघडते आणि या रस्त्यावर पोट बिघडणे म्हणजे काय ते मी लिहीत नाही. ओआरएसचा कंटाळा आला तर कोकम सरबत, चिमूटभर मीठ जास्त घालून.

भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. चढावर लागलेली भूक पुढच्या दोन चढांपर्यंत भागत नाही.

६. मडगाव ते बेतूल

सहाला निघा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसात-सातला उगवतो, तेव्हा पहिला तास दिव्यावर. नावेलीवरून महामार्ग ६६ ने चिंचिणीपर्यंत आणि तिथून उजवीकडे असोळण्याकडे. या वेळी रस्त्यावर तुम्ही आणि पोदेर असे दोघेच सायकलवाले असता. त्याचा भोंगा पों-पों वाजला की बाजूला व्हा, त्याच्याकडून दोन गरम पोई घ्या आणि पुढे निघा.

हा टप्पा २० किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सपाट. पाय ताजे असतात, हवा गार असते, शेजारच्याशी शर्यत लावायचा मोह होतो. लावू नका. इथे वाचवलेली दहा मिनिटे आगोंदच्या अलीकडे चाळीस मिनिटांनी भरून द्यावी लागतात. बोलता बोलता चालवता येईल एवढाच वेग ठेवा.

बेतूलला साळ नदी समुद्राला मिळते. मासेमारीची जेटी जवळच असल्याने मासळीच्या गाड्यांतून गळलेले पाणी वळणावर असते. त्यावर ब्रेक दाबला की चाक सरकते; आधीच वेग कमी करा. इथे दहा मिनिटे थांबून बाटल्या भरा, चहा-भाजीपाव मिळाला तर खा. पुढचा दीड-दोन तास दुकानांच्या भरवशावर राहू नका.

७. बेतूल ते आगोंद: इथे कस लागतो

बेतूल सोडले की रस्ता सरळ नाकेरीच्या सड्यावर चढतो. २०१६ मध्ये डिफेन्स एक्स्पो भरला होता तो हाच परिसर. चढ सुरू होण्याआधीच हलक्या गिअरवर या. चढात घुसल्यावर, पॅडलवर पूर्ण जोर असताना पुढची चेन मोठ्या चक्रावरून लहान चक्रावर टाकायला गेलात की ती निसटून फ्रेमवर पडते. नवशिक्यांची चेन पडण्याची ही सगळ्यात लाडकी जागा. पडलीच तर घाबरू नका: उतरा, चेन लहान चक्राच्या खालच्या दातांवर ठेवा, हाताने पॅडल फिरवा.

चढावर उभे राहून जोर मारण्यापेक्षा बसून, भराभर, हलके पॅडल मारा. मिनिटाला ७० फेऱ्या जमल्या तर छान. मध्येच दहा टक्क्यांच्या वर जाणारे छोटे तुकडे येतात, तिथे उभे राहायला हरकत नाही, पण दहा-पंधरा फेऱ्यांपुरतेच. आणि उतरून चालावे लागले तर चाला. पाठीमागे टोपलीभर पाव बांधलेला पोदेर उभ्या चढावर उतरून सायकल ढकलतो. त्याला कोणी कमी समजत नाही.

काणागिणीच्या बाजूला उतार लागतो. उतारावर दोन चुका होतात. एक, ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवणे: रिम तापते आणि हात सुन्न होतात. वळणापूर्वी घट्ट दाबा, वेग कमी करा, वळणात सोडून द्या. दुसरी, हात हँडलच्या वरच्या सपाट भागावर ठेवणे: तिथून ब्रेक सापडत नाही. खालच्या वाकलेल्या भागात हात ठेवा, बोटे लिव्हरवर. वळणाच्या बाहेरच्या कडेला जांभ्याची तांबडी माती आणि खडी साठलेली असते, तिच्यावर चाक घालू नका.

काब द रामचा किल्ला मुख्य रस्त्यापासून फाटा घेऊन आत आहे आणि त्याच फाट्याने परत यावे लागते. वनवासात राम-सीता इथे राहिले अशी कथा आहे. पोर्तुगीज काळात हा किल्ला तुरुंग म्हणूनही वापरला जात होता. आत सेंट अँथनीचे चर्च आहे आणि तटावरून समुद्र असा दिसतो की पाय विसरतात. पहिल्या खेपेला मात्र घड्याळ बघून ठरवा: साडेआठच्या आत फाट्याला पोहोचलात तर जा, नाहीतर सोडा. क्लीटचे (पॅडलला अडकणारे) बूट असतील तर जांभ्यावर चालताना घसराल, चपला सोबत नसतील तर तटावर चढू नका.

काब द रामपासून खोल गावामार्गे आगोंदपर्यंतचा पट्टा या दिवसातला सर्वात सुंदर आणि सर्वात खोटारडा. 'हा शेवटचा' असे वाटणारा चढ संपतो, वळण येते आणि पुढे आणखी एक दिसतो. काजूच्या बागा, खोलची मिरची जिथे पिकते ते मळे, मधूनच खाली निळे पाणी. मी कॉम्प्युटरवरचा वेग आणि अंतर इथे लपवतो, फक्त घड्याळ ठेवतो. अर्धा तास झाला की खायचे, एवढेच काम डोक्याला.

कुत्र्यांबद्दल: घरापाशी झोपलेला कुत्रा सायकल बघून उठतोच. उतार असेल तर त्याला मागे टाकता येते, चढावर नाही. चढावर उतरा, सायकल त्याच्या नि तुमच्या मध्ये धरा आणि चालत पुढे जा. चालणाऱ्या माणसात त्याला रस नसतो. लाथ मारायला गेलेला माझा एक सोबती स्वतःच पडला, कुत्रा बघत राहिला.

आगोंदला पोहोचल्यावर किनाऱ्यावर बसा, पण वाळूत सायकल लोळवू नका. हा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांचा. काठ्या-दोरी लावून राखलेली जागा दिसली तर तिकडे जाऊ नका.

८. चावडीत निर्णय

आगोंदवरून पाळोळेकडे जाताना आणखी एक चढ आहे हे लोक सांगायला विसरतात. त्यानंतर चावडी, म्हणजे काणकोणची बाजारपेठ. साधारण ५५ किलोमीटर झालेले असतात आणि अकरा-साडेअकरा वाजलेले.

आता ऊन आहे. सावलीत बसा, जेवा. शीत-कडी किंवा डाळ-भात. तळलेली मासळी आणि शीतकपाट भरून बिअर समोर असली तरी नको. तासभर पडून राहा. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. लघवी गडद पिवळी आहे का? जिना उतरताना मांड्या थरथरतात का? डोके दुखते आहे का? एकाचेही उत्तर 'हो' आले तर पिकअपवाल्याला फोन करा. बेतूल-काणकोण सायकलने आलात, ते काही कमी नाही. माझ्या दुसऱ्या खेपेला मी चावडीतून टेम्पोने परत आलो आणि त्या दिवसाबद्दल मला काहीच वाईट वाटत नाही.

परत सायकलनेच यायचे असेल तर अडीच ते तीनच्या दरम्यान निघा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पुढे ३५-४० किलोमीटर आहेत.

९. करमल घाट आणि वारा

महामार्गाने गुळे ओलांडले की करमल घाट. चढ बेतूलच्या चढांपेक्षा सौम्य, पण लांब, आणि दोन्ही बाजूंना रान असल्यामुळे सावली भरपूर. त्रास चढाचा नाही, वाहनांचा आहे. वळणे आंधळी, ट्रक मोठे. मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा. एकामागे एक चला, शेजारी-शेजारी नाही. आणि अगदी कडेला चिकटून चालू नका. डांबराच्या टोकापासून दोन फूट आत राहा. कडेला चिकटलात तर ट्रकवाला समोरून गाडी येत असतानाही तुमच्या बाजूने घुसतो, आणि तुम्हाला बाजूला व्हायला जागा उरत नाही. मागे मोठी रांग लागली तर रुंद जागा बघून थांबा, सगळ्यांना जाऊ द्या. महामार्गाची कामे निघतात तेव्हा इथे खडी पसरलेली असते. निघण्याच्या आदल्या दिवशी काणकोणच्या कुणाला तरी विचारून घ्या.

घाट उतरून बाळ्ळीला आलात की वाटते, संपले. इथे वारा भेटतो. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येकडून समुद्राचा वारा सुटतो आणि तुम्ही उत्तरेकडे चाललेले असता, म्हणजे तो जवळजवळ तोंडावरच. दोघे-तिघे असाल तर पाळीपाळीने पुढे राहा, एक-दोन किलोमीटरची पाळी. एकटे असाल तर दोन गिअर हलके करा आणि वेग विसरा. उलटी वाट धरली, सकाळी घाट आणि दुपारी किनारा, तर हाच वारा आणि वर ते सगळे चढ भर उन्हात मिळतील. म्हणून मी कधीच उलटा जात नाही.

कुंकळ्ळीत लिंबू सोडा प्या. तिथून मडगावपर्यंत संध्याकाळची रहदारी असते, गुरे रस्त्यावर बसू लागलेली असतात, आणि थकलेल्या डोळ्यांना काळी म्हैस व काळे डांबर सारखेच दिसते. पुढचा दिवा लावा.

१०. घरी आल्यावर

आधी अर्धा लिटर पाणी आणि मीठ घातलेला भात, मग आंघोळ. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते चालते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा वर. पुढच्या राईडआधी पाच-पाच मिलिमीटरने बदलून बघा.

सायकल मात्र तशीच कोपऱ्यात टेकवू नका. दिवसभराची खारी हवा, घाम आणि तांबडी धूळ चेनवर बसलेली असते. ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा. तेल दुसऱ्या दिवशी घातले तरी चालेल, मीठ त्याच रात्री काढा.